माझदा मोटर कॉर्पोरेशन

माझदा : मोटारगाड्या बनविणारी जपानी कंपनी. मुख्य कार्यालय व जुना कारखाना हिरोशिमा शहराने सर्व बाजूंनी वेढलेल्या फुचू या गावी असून दुसरा मोठा कारखाना यामागुची प्रांतातील होफू येथे आहे. उत्पादनाच्या आकड्यांत ही कंपनी टोयोटा, निसान व होंडा यांच्या बरीच मागे राहिली, तथापि मोटारीच्या तांत्रिक इतिहासात तिची दखल त्या मानाने अधिक घेतली जाते. त्याचे प्रमुख कारण वांकेल पद्धतीचे फिरते (रोटरी) एंजिन हे होय. पुष्कळ कंपन्यांनी परवाना घेऊन सोडून दिलेले हे एंजिन माझदाने दीर्घकाळ विक्रीच्या मोटारींत वापरले, म्हणून पुढील विवेचनात त्यास अधिक जागा दिली आहे.

स्थापना : ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने कंपनीची नोंदणी ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमा येथे झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणाऱ्या कॉर्कचा पुरवठा आटला होता आणि आबेमाकी या ओकवर्गीय वृक्षाच्या सालीपासून पर्यायी कॉर्क बनविण्याचा धंदा पश्चिम जपानच्या चुगोकू भागात मूळ धरू लागला होता. त्यातूनच ही कंपनी निघाली. लोकप्रिय लेखनात जूजिरो मात्सुदा (१८७५–१९५२) यांना सरसकट संस्थापक म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिल्यास ते आरंभी संचालक मंडळावर होते, पहिले अध्यक्ष काइझुका शिनपाची हे होते आणि मात्सुदांकडे अध्यक्षपद १९२१ मध्ये आले. कंपनीला यंत्रनिर्मितीकडे वळविण्याचे श्रेय मात्र निःसंशय मात्सुदांचे आहे. कोळ्याच्या घरात जन्मलेले मात्सुदा ओसाकात लोहारकाम शिकले आणि स्वतः रचलेल्या पंपाच्या धंद्यात त्यांनी नाव मिळविले. महायुद्ध संपल्यावर खरा कॉर्क पुन्हा येऊ लागला, १९२५ मध्ये कारखान्याला आग लागली आणि त्यानंतर १९२७ मध्ये नावातून ‘कॉर्क’ हा शब्द गळून ‘तोयो कोग्यो’ एवढेच नाव उरले. यांत्रिक हत्यारे आणि कुरे येथील नौदलाच्या कारखान्यासाठी सुटे भाग ही त्यानंतरची कामे होती.

नाव : माझदा हे नाव प्रथम १९३१ च्या तीनचाकी मालवाहू गाडीला देण्यात आले, कंपनीने ते स्वतःसाठी अधिकृतपणे १९८४ मध्ये स्वीकारले. त्याच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे ते पारशी धर्मातील अहुर मज्द या परमेश्वराच्या नावावरून घेतले आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ते मात्सुदा या आडनावाचेच परदेशी कानाला रुचेल असे रूप आहे. कंपनी स्वतः दोन्ही गोष्टी सांगते. जपानी लिपीत कंपनीचे नाव आजही ‘मात्सुदा’ असेच लिहिले व उच्चारले जाते, त्यामुळे आडनावाचा धागा मूळचा आणि प्रकाशदेवतेचा अर्थ त्यावर चढविलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय ‘माझदा’ हा शब्द त्या वेळी जपानी ग्राहकाला अगदीच अपरिचित नव्हता. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या परवान्याने तयार होणारे याच नावाचे विजेचे दिवे जपानात १९१० च्या दशकापासून विकले जात होते. दिव्यांच्या नावाचा गाडीच्या नावावर थेट परिणाम झाला किंवा कसे, हे यावरून ठरत नाही.

तीनचाकी ते युद्ध : ऑक्टोबर १९३१ पासून बनू लागलेल्या ‘माझदा-गो’ या गाडीला पुढे एक चाक, मोटारसायकलसारखी मूठ आणि मागे मालाचा हौदा होता. एंजिन ४८२ घन सेंमी. क्षमतेचे होते. महाराष्ट्रातील जुन्या तीनचाकी टेम्पोशी या रचनेचे साम्य दिसते, परंतु टेम्पोचे मूळ जर्मन असून दोहोंचा परस्परसंबंध नाही. माझदा-गोला मागे घेण्याचा गिअर आणि मागील दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी योजना होती, ही तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत जमेची बाजू होती. प्रारंभी तिची विक्री मित्सुबिशीच्या व्यापारी कंपनीमार्फत होई. युद्धकाळात कारखान्यात मुख्यतः रायफली बनत.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा स्फोटकेंद्रापासून सुमारे ५ किमी. अंतरावरील फुचूचा कारखाना मध्ये असलेल्या हिजियामा टेकडीमुळे बऱ्याच अंशी बचावला. शहरात कामावर गेलेले कंपनीचे शंभराहून अधिक लोक मात्र मरण पावले. प्रांताचे सरकारी कार्यालय उद्ध्वस्त झाल्याने १९४६ च्या मध्यापर्यंत प्रांताचा कारभार तोयो कोग्योच्या इमारतीतून चालत असे. तीनचाकी गाड्यांचे उत्पादन डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांतच, अल्प प्रमाणात पुन्हा सुरू झाले आणि पुढील पंधरा वर्षे कंपनीचा संसार मुख्यतः त्यांवरच चालला. १९६२ मध्ये दक्षिण कोरियातील किया कंपनीने पहिली तीनचाकी गाडी बनविली तीही माझदाच्या के-३६० या नमुन्यावरून. किया आज उत्पादनात माझदाच्या पुढे आहे.

वांकेल एंजिनाचा स्वीकार : कंपनीची पहिली प्रवासी मोटार आर-३६० कूपे ही १९६० मध्ये आली. त्याच सुमारास परकीय मोटारींना बाजार खुला होण्यापूर्वी देशी कारखान्यांचे मोजक्या गटांत एकत्रीकरण करावे, असे जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाच्या मनात होते. हिरोशिमातील मध्यम आकाराच्या कंपनीला याचा अर्थ दुसऱ्या कोणात तरी विलीन होणे असा होता. जूजिरोंचे पुत्र व तत्कालीन अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी वांकेल एंजिनाकडे धाव घेतली ती केवळ यंत्राच्या मोहाने नव्हे, तर कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व टिकविण्यासाठी, हे मत आता बहुतेक मान्य झाले आहे.

हे एंजिन फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाते. तथापि प्रत्यक्ष वापरात आलेली रचना संपूर्णपणे त्यांची नाही. वांकेल यांच्या १९५७ मध्ये प्रथम चाललेल्या एंजिनात आतील रोटर (फिरता भाग) व बाहेरचे घर दोन्ही फिरत असत. घर स्थिर ठेवून केवळ रोटर फिरविण्याची, बनविण्यास सोपी असलेली मांडणी एनएसयू या जर्मन कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी केली. वांकेल यांना ती पसंत नव्हती. माझदाने परवाना घेतला तो या दुसऱ्या मांडणीचा. त्सुनेजींनी ऑक्टोबर १९६० मध्ये जर्मनीत करार केला आणि जपान सरकारने त्यास १९६१ मध्ये मान्यता दिली.

या एंजिनात मधून किंचित चेपलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तीन टोके भिंतीला सतत टेकलेली असल्याने भिंत व रोटर यांमध्ये तीन कप्पे तयार होतात आणि फिरताना प्रत्येक कप्पा लहानमोठा होत जाऊन इंधनमिश्रण घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे या चारही क्रिया पार पाडतो. रोटरच्या एका फेरीत मुख्य दांडा तीन वेळा फिरतो. खालीवर होणारे दट्ट्ये नाहीत, झडपा नाहीत. त्यामुळे एंजिन आटोपशीर, हलके व जवळजवळ कंपनरहित होते. त्याचे दोषही याच रचनेतून येतात. ज्वलनाचा कप्पा लांबट व पसरट असल्याने उष्णता भिंतींत वाया जाते, मिश्रण पुरते जळत नाही आणि इंधन अधिक लागते. रोटरच्या टोकांवर कप्पे हवाबंद ठेवण्यासाठी बसविलेल्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम जाळावेही लागते.

हिरोशिमात आलेल्या जर्मन नमुन्याची पहिलीच मोठी अडचण या पट्ट्यांची होती. एंजिन काही काळ चालवून उघडले की घराच्या आतील क्रोमच्या मुलाम्यावर ओळीने लाटांसारखे ओरखडे दिसत. अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. एप्रिल १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन विभाग स्थापन झाला. त्यातील ४७ जणांना जपानी इतिहासातील ४७ रोनिन (धनी नसलेल्या) सामुराईंची उपमा दिली जाई. पट्टी ज्या कंप्रतेने थरथरते तिच्याशी ओरखड्यांचा संबंध आहे, हे ध्यानात आल्यावर प्रथम पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोके पाडून तिची कंप्रता बदलण्यात आली. नंतर अॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची पट्टी आली आणि प्रश्न व्यवहारापुरता सुटला. पट्टीसाठी जनावरांची हाडेदेखील वापरून पाहिल्याची हकिकत सांगितली जाते.

३० मे १९६७ रोजी विक्रीस आलेली कॉस्मो स्पोर्ट ही ‘पहिली रोटरी मोटार’ असे विधान अनेकदा आढळते, ते दुरुस्त करून घ्यावयास हवे. एका रोटरची पहिली विक्रीची मोटार एनएसयूची स्पायडर असून ती १९६४ ची आहे; कॉस्मो ही दोन रोटरांची पहिली. तिच्या प्रत्येक रोटरची क्षमता ४९१ घन सेंमी. होती. रोटरी एंजिनाची क्षमता मोजावी कशी हा वेगळाच वाद असून जपानी कर-आकारणीत ती दीडपट धरतात. कॉस्मोच्या १९७२ पर्यंत १,१७६ गाड्याच तयार झाल्या, परंतु लगोलग फॅमिलिया, कापेला व सव्हाना या सामान्य मोटारींतही हे एंजिन बसविण्यात आले. याउलट एनएसयूच्या आरओ-८० या मोटारीच्या एंजिनांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की ती कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनकडे गेली.

तेलसंकट व फोर्ड : रोटरी एंजिनाच्या धुरात नायट्रोजनाची ऑक्साइडे कमी असल्याने उरलेले न जळलेले इंधन बाहेरच्या कक्षात जाळून माझदाने अमेरिकेचे कडक नियम १९७३ च्या आरंभीच पूर्ण केले, होंडानंतर हे जमलेली ती दुसरी कंपनी. त्याच वर्षअखेरीस तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोटरी मोटार शहरात गॅलनला सुमारे ११ मैलच जाते असे प्रसिद्ध केले. विक्री कोसळली, न खपलेल्या गाड्यांचे ढीग साचले. सुमितोमो बँकेने आपली माणसे व्यवस्थापनात आणली आणि मात्सुदा घराण्यातील तिसरे अध्यक्ष कोहेई यांना १९७७ मध्ये पद सोडावे लागले. कामगारांना काढून टाकण्याऐवजी हजारो जणांना विक्रेत्यांकडे गाड्या विकण्यासाठी पाठविण्यात आले. या सावरण्याचे श्रेय बँकेला द्यावे की रोटरीचा इंधनखर्च ४० टक्क्यांनी घटविण्याच्या अभियंत्यांच्या योजनेला, यावर लेखकांत एकमत नाही. साध्या दट्ट्यांच्या एंजिनाची फॅमिलिया (१९७७ व १९८०) चांगली खपली, हे कारण अधिक ठोस दिसते.

फोर्डने १९७९ मध्ये सुमारे २५ टक्के भाग घेतले. १९८० च्या दशकाअखेर माझदाने जपानात एकाच वेळी विक्रेत्यांची पाच स्वतंत्र जाळी चालविली. तेजी ओसरताच हा पसारा अंगाशी आला. १९९६ मध्ये फोर्डचा वाटा ३३.४ टक्क्यांवर गेला आणि हेन्री वॉलेस हे जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. २००८ पासून फोर्डने भाग विकण्यास आरंभ केला आणि २०१५ मध्ये उरलेले भागही विकून टाकले. टोयोटाने २०१७ मध्ये सुमारे ५ टक्के भाग घेतले असून अमेरिकेतील हन्ट्सव्हिल येथील कारखाना दोघांचा समाईक आहे.

कीर्ती : जून १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी या मोटारीने फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली (चालक फोल्कर वायडलर, जॉनी हर्बर्ट, बेरत्राँ गाशो, ३६२ फेऱ्या). तेथे जिंकलेली ती पहिली जपानी मोटार होय आणि पुढचा जपानी विजय थेट २०१८ मध्ये टोयोटाचा. या विजयामुळे रोटरीवर बंदी घातली गेली, अशी समजूत रूढ आहे. परंतु साडेतीन लिटरच्या एंजिनांचा नवा नियम त्याआधीच ठरलेला होता. विजयाचे मोल करताना हेही नमूद करावे लागेल की माझदाला ८३० किग्रॅ. वजनाची मुभा होती, तर जॅग्वार व मर्सिडीझ यांच्या शर्यतीतील मुख्य मोटारींना १,००० किग्रॅ.ची अट होती.

बाजारातील नावलौकिकाचा खरा आधार मात्र १९८९ ची एमएक्स-५ ही उघडी दोन आसनी मोटार आहे. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने सुचविलेली ही कल्पना तोशिहिको हिराई यांच्या तुकडीने तडीस नेली. घोडा व स्वार एकजीव असावेत हे त्यांचे ब्रीद होते आणि मोटारीत रोटरी एंजिन मुळीच नव्हते. अशा मोटारींत सर्वाधिक खपाचा गिनीज विक्रम तिच्या नावे असून २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले.

आरएक्स-८ (२००३–१२) नंतर रोटरी मोटारींची विक्री थांबली; या गाडीच्या एंजिनाची हमी अमेरिकेत वाढवून द्यावी लागली होती. २०२३ मध्ये एमएक्स-३० च्या एका प्रकारात एकच रोटर बॅटरीसाठी वीज निर्माण करण्यापुरता परत आला. मधल्या काळात १४ : १ संपीडन गुणोत्तराच्या स्कायअॅक्टिव्ह पेट्रोल व डीझेल एंजिनांनी (२०११ पासून) इंधनखर्चाबाबतची जुनी बदनामी धुऊन काढली आणि २०२० मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या विश्वासार्हतेच्या क्रमवारीत माझदा पहिली आली. थंड देशांत जुन्या गाड्या लवकर गंजतात ही तक्रार तिच्यामागे बराच काळ राहिली. २०२४ मध्ये प्रमाणन चाचण्या नियमबाह्य रीतीने केल्याचे टोयोटा, होंडा इत्यादींबरोबर माझदानेही मान्य केले.

भारतात माझदाच्या मोटारींची नियमित विक्री झालेली नाही. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा व सुमितोमो यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या स्वराज माझदा कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पंजाबात हलके ट्रक व लहान बस बनविल्या. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान व आयशर मित्सुबिशी यांच्यासह आलेल्या या जपानी लाटेला उत्तर म्हणून टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्यात ४०७ हा ट्रक (१९८६) तयार केला. पुढे माझदाने आपले भाग काढून घेतले आणि २०११ पासून ती कंपनी एसएमएल इसुझु या नावाने ओळखली जाऊ लागली.