काकवीच्या रंगाचा ससेक्स स्पॅनियल: मागची सव्वादोनशे वर्षं

छत्रपती संभाजीनगरात स्पॅनियल, म्हणजे लोंबत्या कानांचा शिकारी कुत्रा, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर त्यातली कॉकर ही जात येते. त्यामुळे माझा चुलतभाऊ इंग्लंडमधली नोकरी संपवून घरी परतला आणि सोबत त्याची ससेक्स स्पॅनियल आली, तेव्हा गल्लीत सगळे तिला जाडजूड कॉकरच समजले. आखूड पाय, लांबट जड अंग, डोलत चालणं आणि रंग असा, की काकवीवर ऊन पडावं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी विचारलं, "अरे, ही झुडपात शिरली की एवढी ओरडती का? काही चावलं का तिला?"

याचं उत्तर इंग्लंडच्या दक्षिणेला, पूर्व ससेक्समधल्या ब्राइटलिंग गावात सापडतं. तिथल्या रोझहिल इस्टेटीवर ऑगस्टस फुलर यांनी साधारण १७९५ पासून ही जात घडवायला घेतली, असं मानलं जातं. तो मुलूख चिकणमातीचा आणि काटेरी जाळ्यांचा. आत शिरलेला कुत्रा शिकाऱ्याला दिसतच नसे. मग तो आहे कुठं आणि पक्ष्याचा माग लागला की नाही, हे कळावं कसं? आवाजावरून. म्हणून वास लागताच तोंड उघडणारी कुत्री निवडून तीच वाढवली गेली. स्पॅनियलांनी मुकाट काम करावं अशीच एरवी अपेक्षा असते. हा मात्र बोलतो. जाळीखालून घुसायला ठेंगणं अंग आणि काटे सोसायला दाट केस, हेही तिथलंच देणं.

आपल्याकडं नेमकं उलटं घडलं. लातूरकडचा कारवान हा शिकारी कुत्रा पाहा, किंवा कानांना नि शेपटीला लांब केस असणारा पश्मी. दोघेही उंच, सडपातळ, लांब पायांचे. माळरान उघडं, ससा लांबूनच दिसणार. तो नजरेनं धरायचा आणि धावून गाठायचा. तिथं भुंकून काय उपयोग? कुत्रा रानासारखा होतो, हे या दोन टोकांच्या जाती शेजारीशेजारी ठेवल्या की लख्ख दिसतं. ससेक्सच्या इतिहासात मला सर्वांत जास्त भावतं ते हेच.

फुलर १८५७ मध्ये गेले आणि त्यांची कुत्री विखुरली. मोजकी त्यांच्या शिकारखान्याच्या रखवालदाराकडं राहिली. १८६२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात ही जात लोकांसमोर आली खरी, पण शिकारीची रीत बदलत होती. चपळ स्प्रिंगर स्पॅनियल पुढं गेला, संथ ससेक्स मागं पडला. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली आणि कुत्र्यांची पैदास जवळपास थांबली. त्या काळात जॉय फ्रीअर या बाईंनी आठ ससेक्स जगवले. आजची बहुतेक कुत्री त्यांच्याच वंशातली. एका बाईच्या हट्टावर एक आख्खी जात तगली!

पण एवढ्या थोड्या कुत्र्यांतून वंश वाढला, त्याची किंमतही आहे. पिल्लं कमी होतात, हृदयाचे आणि खुब्याचे दोष आढळतात. शिवाय थोड्या श्रमानं अंग गळून पडणारा एक आनुवंशिक आजार क्लंबर स्पॅनियलमध्ये आणि यांच्यात आढळतो. त्याची डीएनए चाचणी आहे. पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांच्या चाचण्यांचे कागद बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये वर्षाला ३०० किंवा त्याहून कमी पिल्लांच्या नोंदी होणाऱ्या तिथल्या मूळच्या जातींची 'धोक्यातल्या' म्हणून यादी केली जाते. ससेक्स त्या यादीत आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर या कुत्र्यांच्या प्रदर्शनात स्टम्प नावाचा दहा वर्षांचा ससेक्स सर्वोत्तम ठरला. एवढ्या वयाच्या कुत्र्यानं तो मान तोवर कधीच मिळवला नव्हता. तरीही जात दुर्मीळच राहिली.

भारताने २०१६ मध्ये पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर निर्बंध घातले. मालकासोबत येणाऱ्या पाळीव कुत्र्याला वाट होती. भावाची कुत्री तशीच आली.

घरात ती माणसांना सोडत नाही. एकटी ठेवली की लांब गळा काढून रडते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की फिरणं पहाटेच. नंतर दिवसभर कूलरसमोरची फरशी. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की लोंबत्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यात कुसळं घुसतात. काकू रोज संध्याकाळी तिला ओसरीवर घेऊन कान उलटे करून कुसळं नि गोचिड वेचतात.

गेल्या कार्तिकात भाऊ तिला पैठणकडच्या शेतात घेऊन गेला. तूर डोक्याएवढी वाढलेली. ती तुरीच्या ओळींत शिरली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आतून आवाज सुरू झाला, तितर फडफडत उडाले. भाऊ बांधावर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगत होता, "आता विहिरीकडं वळली."