जंगली कुत्र्यांचं ट्रॅपिंग आणि गुरांचं काम (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या कॅटल प्रॉपर्टीवर (गुरं पाळायच्या विस्तीर्ण जमिनींवर), म्हणजे क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी वगैरे भागात, गुरं गोळा करणं, त्यांना यार्डात म्हणजे कुंपणाच्या आवारात आणून सगळी कामं उरकणं आणि वासरं मारणारे जंगली कुत्रे सापळ्यात धरणं ही कामं बऱ्याचदा तीच दोन-चार माणसं करतात. काही ठिकाणी ट्रॅपिंगसाठी वेगळा माणूस बोलावतात, त्याला डॉगर म्हणतात, पण लहान प्रॉपर्टीवर मालक स्वतःच सकाळी पाण्याच्या टाक्या बघत फिरता फिरता सापळेही बघून येतो. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या खात्यातली समजून लिहिलं जातं ते मला पटत नाही, कारण जमिनीवरचे माग आणि कळपातल्या गायींची अवस्था एकत्र वाचता आली तरच कुत्र्याचं काय करायचं ते नीट ठरतं.

जागेचा अंदाज यावा म्हणून सांगतो, साउथ ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे जगातलं सगळ्यात मोठं कॅटल स्टेशन समजतात आणि ते १५,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे, म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा त्यात मावेल. सगळ्या प्रॉपर्टी एवढ्या नसतात हे खरं, पण गुरं रोज डोळ्यासमोर नसतात ही गोष्ट सगळीकडे सारखीच, काही गुरं माणसाला वर्षातून एकदा-दोनदाच जवळून बघतात.

तिथे जंगली कुत्रा म्हणजे डिंगो, मोकाट होऊन रानात राहिलेली पाळीव कुत्री आणि या दोघांचा संकर, असं सगळं एकत्र धरतात. आपल्या ताडोबा-मेळघाटातला कोळसुंदा हा वेगळाच प्राणी आहे, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि या नोंदीतलं काहीही त्याला लागू नाही. डिंगो ऑस्ट्रेलियात माणसाबरोबर समुद्रमार्गे आला आणि त्याला ३,००० वर्षांहून जास्त काळ झाला. वजन साधारण १५ ते २० किलो, वर्षातून एकदाच वीण, पिल्लं बहुतेक तिथल्या हिवाळ्यात होतात. मोकाट पाळीव कुत्री मात्र वर्षात दोनदाही विऊ शकते.

गोरे लोक मेंढ्या घेऊन आले तेव्हापासून भांडण सुरू झालं. मेंढी कुत्र्यापुढे टिकतच नाही, एक कुत्रा एका रात्रीत कित्येक मेंढ्या फाडून ठेवतो आणि खातो त्यातली एखादीच, म्हणून मग जगप्रसिद्ध डॉग फेन्स उभी राहिली. आज ती सुमारे ५,६०० किलोमीटर लांब आहे, क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्समधल्या जिंबूरपासून थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटच्या कड्यांपर्यंत, आणि १९८० च्या आधी ती याहूनही लांब होती. यातले काही तुकडे मुळात १८८० च्या दशकात ससे अडवायला बांधलेले. ढोबळ हिशोब असा की कुंपणाच्या आत मेंढ्या आणि बाहेर गुरं. ॲना क्रीकवरही आधी मेंढ्याच होत्या, डिंगोंनी एवढं नुकसान केलं की मेंढ्या कुंपणाच्या दक्षिणेला नेल्या आणि इथे गुरं ठेवली.

मग गुरांना कुत्र्यांचा त्रास नाही का, तर आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे आणि लगेच दिसत नाही. धडधाकट मोठ्या गाईच्या वाटेला कुत्री सहसा जात नाहीत, वासरू मात्र पहिले काही आठवडे धोक्यात असतं. दुष्काळात चारा पाण्यापासून लांब उरतो, गाय पाणी प्यायला लांबवर जाते आणि वासरू झाडाखाली बसवून जाते, बऱ्याच वेळा चार-पाच वासरांजवळ एखादी गाय राखणीला थांबते आणि बाकीच्या जाऊन येतात, नेमकी हीच वेळ कुत्री साधतात. पहिलटकरू कालवडींची वासरं जास्त जातात कारण त्यांना अजून राखण करायची सवय नसते. जी वासरं वाचतात त्यांचे कान तुटलेले, शेपटी गेलेली, मागच्या मांडीवर दातांच्या खुणा, आणि पुढे कत्तलखान्यात तेवढं मांस कापून टाकावं लागतं म्हणून पैसे कमी येतात. शिवाय आजार. निओस्पोरा नावाचा एकपेशीय परजीवी कुत्र्यांच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात येतो आणि गाभण गायी गाभडतात, आणि हायडॅटिड नावाच्या फीतकृमीमुळे गुरांच्या यकृतात गाठी होतात, ती यकृतं फेकून द्यावी लागतात, आणि हा दुसरा आजार माणसालाही होतो.

वासरू कुत्र्यानेच मारलं हे कसं कळतं? बऱ्याचदा मेलेलं वासरू सापडतच नाही. इथे यार्डातलं काम उपयोगी पडतं. मस्टरिंगच्या, म्हणजे गुरं गोळा करण्याच्या वेळी गायी तपासून गाभण किती ते लिहून ठेवतात आणि पुढच्या मस्टरला तीच गाय क्रशमध्ये, म्हणजे जनावर धरून ठेवायच्या अरुंद पिंजऱ्यात आली की कास बघतात, कास भरलेली म्हणजे वासरू पीत होतं, कास सुकलेली म्हणजे मधल्या काळात वासरू गेलं. अशा गायी जास्त निघाल्या तर काहीतरी घडलंय एवढं नक्की, पण ते कुत्र्यांमुळेच असं लगेच म्हणू नये, जमिनीत फॉस्फरस कमी असेल, कळपात व्हिब्रिओसिस हा प्रजननाचा आजार असेल, ऐन विण्याच्या काळात गायी उपाशी असतील तरी हेच चित्र दिसतं. म्हणून सोबत पाणवठ्यावरचे ठसे, विष्ठेत वासराचे केस आहेत का, कान-शेपट्या चावलेल्या आहेत का, हे सगळं जुळवून बघावं लागतं. हे न करता पहिल्याच दिवशी सापळे मांडणारा माणूस मेहनत वाया घालवतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ट्रॅपिंग. वापरतात तो पायाचा चाप, जमिनीत पुरलेला, मधल्या पट्टीवर पंजा पडला की दोन जबडे मिटतात. पूर्वी हे दातेरी पोलादी असायचे आणि त्यात जनावराचे फार हाल व्हायचे, आता बहुतेक ठिकाणी रबर लावलेले किंवा बोथट जबड्यांचे चाप वापरतात, साखळीत फिरकी आणि स्प्रिंग असते म्हणजे झटका बसून पाय मोडत नाही. कोणता चाप चालेल, तो किती तासांनी बघायचा, याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत.

खरं कौशल्य जागा निवडण्यात आहे. कुत्रं माणसासारखंच सोपी वाट धरतं, गाडीरस्ता, कुंपणाची कड, कोरडा ओढा, डोंगराची सोंड, आणि दोन वाटा मिळतात तिथे मुतून किंवा विष्ठा टाकून आपली खूण ठेवून जातं. डॉगर आधी नुसता फिरतो. किती कुत्री, कुठल्या दिशेने, किती दिवसांनी परत येतात, हे मातीत बघतो. मग वाटेच्या कडेला एखादं झुडूप किंवा गवताचा झुपका, ज्याच्याशी कुत्रं थांबून वास घेईल, तिथे चाप पुरायचा. चापाच्या मापाचा उथळ खड्डा, खाली खुंटा ठोकायचा किंवा साखळीला ओढणं बांधायचं, चाप हलता कामा नये इतका घट्ट बसवायचा कारण पाय ठेवल्यावर जरा जरी डगमगला तर कुत्रं उडी मारून निघून जातं आणि पुन्हा त्या वाटेने येत नाही. पट्टीखाली माती शिरू नये म्हणून वर कागद किंवा जाळीचं कापड टाकतात, त्यावर चाळणीने चाळलेली तीच माती बोटभर जाडीची पसरायची आणि उरलेली लांब नेऊन टाकायची. पुढे-मागे छोट्या काटक्या, खडे ठेवायचे, कुत्रं काटकीवर पाय देत नाही, ओलांडून पलीकडे ठेवतं, आणि पलीकडे नेमकी पट्टी. वासासाठी दुसऱ्या कुत्र्यांचं मूत्र किंवा विष्ठा, थोडीशीच. डिझेलचा हात, सिगारेट, ताज्या घामाचा वास, हे सगळं चालत नाही, म्हणून हातमोजे असतात, आणि बरेच जण चाप आधी उकळून वास घालवतात.

पट्टीचा ताण जरा जास्त ठेवला तर गोआना म्हणजे तिथली मोठी घोरपड, पक्षी असे हलके प्राणी अडकत नाहीत. ही काळजी ऐच्छिक नाहीच. तसंच गुरांच्या रोजच्या वाटेवर, पाण्याच्या हौदाजवळ चाप मांडायचा नाही, वासराचा खूर अडकला तर तो आपलाच तोटा आणि आपलाच दोष. सापडलेलं कुत्रं जितक्या लवकर गोळी घालून संपवता येईल तितकं चांगलं, म्हणून हल्ली काही जण चापाला सिग्नल देणारं यंत्र लावतात, चाप मिटला की फोनवर कळतं. पण दूरच्या भागात रोज पोहोचणं शक्य नसतं, तिथे जबड्यांना स्ट्रिक्निन लावलेलं कापड बांधायची जुनी पद्धत आहे, कुत्रं ते चावतं आणि मरतं. उन्हात दिवसेंदिवस पाय अडकून पडण्यापेक्षा हे बरं असं तिचं समर्थन करतात, मला दोन्ही पर्याय वाईट वाटतात आणि रोज जाता येत नसेल तर चाप मांडूच नये असं वाटतं.

चाप शिकलेलं कुत्रं हा वेगळाच विषय आहे. एकदा निसटलेलं कुत्रं माणसाने हात लावलेली माती ओळखतं, अशा एका कुत्र्यामागे अनुभवी डॉगरचे आठवडेच्या आठवडे जातात, आणि अनेकदा नुकसान करणारं तेच एक असतं.

मोठ्या क्षेत्रावर ट्रॅपिंग एकटं पुरत नाही, म्हणून विषारी आमिषं. त्यातलं मुख्य विष टेन-एटी, म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांत ते नैसर्गिकरीत्याच असतं म्हणून तिथल्या स्थानिक प्राण्यांना ते बऱ्यापैकी सोसतं, पण कुत्र्याला नाही, आणि त्यावर उतारा नाही. २०१६ पासून पीएपीपी नावाचं दुसरं विषही मिळतं ज्यावर मिथिलिन ब्लू हा उतारा आहे, फक्त व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर वेळेत पोहोचायला हवा, आणि स्टेशनवर व्हेट कितीतरी तास लांब असतो. यामुळे कामाच्या कुत्र्यांचा प्रश्न उभा राहतो. केल्पी, कूली, ब्लू हीलर ही कुत्री मस्टरिंगचा कणा आहेत, त्यातल्या हीलरमध्ये तर १९व्या शतकात डिंगोचंच रक्त मिसळलेलं आहे, आणि ही कुत्री वाटेत दिसलेला मांसाचा तुकडा उचलणारच. म्हणून आमिष टाकायच्या आधी शेजाऱ्यांना कळवायचं, फाटकावर बोर्ड लावायचे, आणि नंतर मस्टरिंग असेल तर कुत्र्यांना मुसकी घालायची.

गुरांच्या कामाकडे येऊ. उत्तरेकडे मस्टरिंग पाऊस संपल्यावर, साधारण मे ते सप्टेंबर. हेलिकॉप्टर वरून हाकतं, खाली मोटरसायकल, घोडे, कुत्री. यार्डात आल्यावर गुरं रेसमधून म्हणजे अरुंद वाटेतून एकामागे एक क्रशमध्ये येतात आणि तिथे लसी, कानात इलेक्ट्रॉनिक टॅग, डाग देणं, शिंगं काढणं, गोऱ्हे खच्ची करणं, गाभण तपासणी, सगळं एका फेरीत. आईपासून तोडलेली वासरं काही दिवस यार्डातच ठेवून गवत घालतात, शांत कुत्र्यांची आणि माणसांची सवय लावतात, मग बाहेर चरायला नेऊन परत आणतात, आणि या काही दिवसांवर ते जनावर पुढे आयुष्यभर हाताळायला सोपं जाणार की नाही हे बरंचसं ठरतं.

उत्तरेकडच्या बहुतेक गुरांत ब्राह्मन जातीचं रक्त आहे आणि इथे आपला संबंध येतो. ब्राह्मन तयार झाली अमेरिकेत, पण गीर, गुजरातची कांकरेज, नेल्लोर म्हणजे ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या भारतीय गुरांपासून, आणि कृष्णा व्हॅली ही आपल्या सांगलीकडच्या कृष्णाकाठची जात, दक्षिण मराठा प्रदेशातल्या संस्थानिकांनी १९व्या शतकाच्या शेवटी जोपासलेली. १९३३ मध्ये ब्राह्मन ऑस्ट्रेलियात आली आणि ऊन व गोचीड दोन्ही सोसते म्हणून उत्तरेत पसरली. ब्राह्मन गाय वासरासाठी कुत्र्यावर धावून जाते. राखणीला हा गुण फार कामाचा, पण ज्या कळपाला जंगली कुत्र्यांनी छळलंय त्याच्या गायी हीलर दिसला तरी शिंगावर घ्यायला बघतात, कळप फुटतो, मस्टरिंगचा दिवस वाया जातो, आणि अशा कळपात शहाणी माणसं कुत्री मागे ठेवून घोड्यावर, हळू, गुरांना जागा देत काम करतात.

मारणं सगळ्यांना मान्य आहे असं मुळीच नाही. स्थिर टोळीतली म्हातारी नर-मादी मारली की टोळी फुटते आणि रिकाम्या जागेत बाहेरची तरुण कुत्री घुसतात, क्वीन्सलँडमध्ये आमिष टाकलेल्या भागात काही वर्षी वासरांचं नुकसान उलट जास्त दिसलं होतं. डिंगो कांगारूंना आवरतो, म्हणजे गुरांचा चारा वाचतो, हेही काही कॅटलवाले आता उघड बोलतात आणि डिंगोला हात लावत नाहीत. मेंढीवाल्या शेजाऱ्याला हे अर्थातच परवडत नाही, मध्य-पश्चिम क्वीन्सलँडमध्ये म्हणून बऱ्याच प्रॉपर्टीनी मिळून एकाच मोठ्या कुंपणात स्वतःला घालून घेतलंय, त्याला क्लस्टर फेन्स म्हणतात, आणि आत मेंढ्या पुन्हा आल्या आहेत. २०२३ च्या जनुकीय अभ्यासात तर संकर समजून मारली जाणारी बरीच कुत्री प्रत्यक्षात शुद्ध डिंगो निघाली. व्हिक्टोरिया राज्यात डिंगो २००८ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, तरी खाजगी जमिनीजवळ त्याला मारायची सूट चालूच होती, वायव्य भागापुरती ती २०२४ मध्ये काढून घेतली कारण तिथे डिंगो फारच थोडे उरले होते.