बोटीच्या आतली कीड : पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर लाकडी बोट पोखरली गेली की सरसकट ‘कीड लागली’ म्हणतात, आणि निम्मा गोंधळ या एका शब्दाने केला आहे. तळ पोखरणारी समुद्री कीड अळीसारखी दिसते, पण ती शिंपल्यांच्या कुळातली. तिला खारं पाणी लागतं. केबिनच्या फळ्या आणि बाकं पोखरते ती भुंगेऱ्याची अळी. तिला कोरडं लाकूड चालतं. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च खाऊन ती वाढते आणि भुंगेरा होऊन बाहेर पडताना १-२ मिलिमीटरचं गोल भोक ठेवते. खाली टाल्कम पावडरसारखी भुकटी साचते. वाळवी ही तिसरीच गोष्ट.

जुना इतिहास मुख्यतः पहिल्या किडीचा आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने एका जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला, तो तिच्यासाठीच. सागाच्या गाभ्याला भुंगेरे सहसा शिवत नाहीत. १८१७ साली मुंबईत बांधलेलं सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. साग परवडेनासा झाला, पांढऱ्या लाकडाच्या फळ्या आणि स्वस्त प्लायवूड केबिनमध्ये आलं, तेव्हा आतली कीड खरी डोईजड झाली.

त्यावर अनेकांनी उपाय केला तो फायबरचा. लाकडी बोटीवर बाहेरून फायबरचा थर चढवला की समुद्री कीड अडते, हे खरं. पण ‘आता कीड गेली’ हा समज चुकीचा, आणि तो फार महागात पडला आहे. भुंगेरा समुद्राकडून येत नाही. तो बहुतेकदा फळीबरोबरच आत आलेला असतो. शिवाय ओल्या लाकडावर थर दिला तर ओल आतच कोंडते आणि कुजणं सुरू होतं.

औषधांचंही तसंच. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण १९३३ मध्ये देहरादूनला निघालं. ते कारखान्यात दाबाखाली लाकडात मुरवायचं असतं, बांधून झालेल्या केबिनला त्याचा उपयोग नाही. लिंडेन या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात मार्च २०१३ पासून बंदी आहे, आणि जिथे माणसं झोपतात, मासळी ठेवतात तिथे ते नकोच होतं. उरतो बोरॅक्स-बोरिक ॲसिडचा द्राव. तो पाण्याने धुपतो, म्हणून फक्त आतल्या कोरड्या लाकडाला, तेही रंग खरवडून. रंगावरून मारलेला द्राव मुरतच नाही.

नुसत्या भुकटीवरून निदान करू नये. इंजिनाच्या हादऱ्याने जुनी भुकटीही गळते. भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून ठेवावीत. पुढच्या हंगामात फिक्या, स्वच्छ कडांचं नवं भोक दिसलं, तर अळी अजून आत आहे.