मुंबईच्या गोदीतले सागवान

1810 मध्ये टेम्सकाठच्या डेप्टफर्ड गोदीतून ‘क्वीन शार्लट’ ही शंभर तोफांच्या वर्गातली युद्धनौका पाण्यात उतरली. वर्षभरातच तिचे लाकूड बुरशीने इतके पोखरलेले आढळले, की एकही लढाई न पाहता तिच्यावर मोठ्या डागडुजीची वेळ आली. ही बुरशी तपासण्यासाठी पुढे जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलावण्यात आले. त्याच 1810 सालच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीतून ‘मिंडेन’ ही 74 तोफांची नौका ब्रिटिश आरमाराकडे गेली. आरमाराने इतक्या दूर जहाजे बांधून घ्यावीत, याचे कारण नेपोलियनशी चाललेल्या युद्धात सापडते. पण ती जहाजे का टिकली, याचे उत्तर लाकडातच शोधावे लागते.

एका मोठ्या युद्धनौकेला दोन हजारांच्या घरात ओकची झाडे लागत, असे मानले जाते. युद्ध लांबले तशी इंग्लंडमध्ये चांगल्या ओकची टंचाई झाली आणि लाकूड वर्षानुवर्षे वाळत ठेवण्याची शिस्त घाईपुढे टिकली नाही. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर ते कुजवणाऱ्या बुरशीला त्यात वाढता येत नाही. ओले लाकूड बंद, हवा न खेळणाऱ्या सांगाड्यात ठोकले, की तिला हवे ते सगळे आयतेच मिळते. ओकचा आणखी एक दोष म्हणजे त्यातले टॅनिन, जे ओलाव्यात लोखंडाशी अभिक्रिया करते आणि खिळे गंजवते.

सागवानात मात्र तैलयुक्त घटक असतात. त्यांतली क्विनोन वर्गातली संयुगे बुरशीला आणि वाळवीला दूर ठेवतात, तर तेलकटपणामुळे पाणी कमी शोषले जाते. ओलावा वाढला किंवा घटला, तरी हे लाकूड फारसे फुगत वा आकसत नाही, शिवाय त्यात ठोकलेले लोखंड ओकच्या तुलनेने सुरक्षित राहते. समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या कुळातले जीव मात्र सागवानालाही पूर्णपणे सोडत नाहीत, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे मारावेच लागत.

या गोदीचा पाया घातला तो सुरतेहून 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आणलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी. 1750 मध्ये येथे दगडी सुकी गोदी पूर्ण झाली. मुंबईच्या भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्या आसपास जातो. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घेऊन दरवाजे लावायचे आणि ओहोटीबरोबर पाणी काढून टाकायचे, ही सोय निसर्गानेच करून ठेवली होती. त्या काळात कंपनीच्या जहाजांना कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा धाक होता. 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला आणि तिथले मराठी आरमार जळाले. मुंबईच्या गोदीचा गौरव करताना आपण हा भाग सहसा वगळतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कारागिरांची एक पद्धत युरोपीय प्रवाशांच्या नजरेत भरली होती. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवत आणि सांध्यात कापूस व राळ भरत. युरोपात फळ्या नुसत्या शेजारी ठेवून फट दोरखंडाच्या धाग्यांनी ठासत, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा ठासाव्या लागत.

युद्धकाळात जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली ‘कॉर्नवॉलिस’ (1813) आणि ‘वेलस्ली’ (1815) ही जहाजे झाली. ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटची, म्हणजे लहान व वेगवान युद्धनौकेची, हकिकत मात्र विचित्र आहे. तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज 1812 मध्ये अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकले, म्हणून नवी प्रत मागवावी लागली. नौका पाण्यात उतरली तोवर 12 ऑक्टोबर 1817 उजाडला होता आणि युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. इंग्लंडला पोहोचल्यावर ती कित्येक वर्षे बंदरात नुसती बांधून ठेवली गेली. ओले ओक असते, तर या रिकामपणातच ती संपली असती. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे. 1842 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’वर ब्रिटन आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. ‘वेलस्ली’ला तर 1940 मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वयात, टेम्समध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्याने बुडवले.

शांततेत गोदीचे काम थांबले नाही, पण त्याचे रूप बदलले. 1829 मध्ये येथेच ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट झाली आणि पुढच्या वर्षी ती सुएझपर्यंत गेली. 1848 ची ‘मियानी’ ही येथे झालेली आरमाराची शेवटची मोठी शिडाची युद्धनौका ठरली. त्यानंतर लोखंड आणि वाफ यांनी लाकडाची जागा घेतली.

जंगलांवरही या मागणीचा ठसा उमटला. जहाजांचे सागवान मुख्यतः मलबारातून येई आणि 1806 मध्ये तिथे कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे संरक्षक नेमले गेले, ते पुरवठा सुरळीत राहावा म्हणून. तोड वाढतच गेल्यावर 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. सागाला तोडणीयोग्य व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. ती झाडे तयार झाली तेव्हा युद्धनौका पोलादाच्या बनू लागल्या होत्या.