आंब्याखाली गवत धरत नाही?

कोकणात घरोघरी ऐकू येतं: 'आंब्या-फणसाच्या सावलीत गवत धरत नाही, फरशी घाला.' निम्मं खरं आहे. धरत नाहीत त्या दूर्वा, म्हणजे हरळी. तिला लख्ख ऊन लागतं. सावलीत ती लांबुडकी, फिकट होते आणि विरळ पडते. लोक हरळी लावून बघतात आणि दोष झाडाच्या मुळांना देतात!

पण आपल्याच रानात सावलीत वाढणारं गवत आहे, ओप्लिस्मेनस. पावसाळ्यात पाणंदीच्या कडेला, जांभ्याच्या गडग्याखाली बघा. पान बांबूच्या पानासारखं, पण आखूड आणि कडेला चुणीदार. खोड जमिनीलगत सरपटतं, पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. म्हणून लावणंही सोपं: जूनमध्ये पेरं असलेले तुकडे ओल्या मातीत खोचायचे, पालापाचोळ्याचा पातळ थर द्यायचा. बस्स. भर काळोखात मात्र हेही रडतं, पानांमधून कवडसे यायला हवेत.

त्याला एक वाईट खोड आहे. तुऱ्याला आलं की त्याची चिकट कुसळं लुंगीला, कुत्र्याच्या अंगाला चिकटतात. मला ती कुत्र्याच्या कानातून काढत बसावं लागतं. तुरे दिसताच कापा. एप्रिल-मेमध्ये पाणी नसेल तर मलूल पडतं, तेव्हा उपटू नका.