काविळीचं औषध कुठल्या कप्प्यात?

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत डोळे पिवळे दिसले की आधी माळ घालणारा गाठतात, मग तालुक्याच्या मेडिकलमधून लिव्हरचं टॉनिक येतं. काही आठवड्यांत डोळे निवळतात आणि श्रेय माळ किंवा टॉनिक घेऊन जातं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपसूकच उतरते, हे मात्र कुणी बोलत नाही.

जगभरातल्या औषधांची एक वर्गवारी आहे. ऑस्लोतलं जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र १९८२ पासून ती सांभाळतं. त्यात औषधांचे १४ मोठे गट आहेत आणि प्रत्येकाची पाच पातळ्यांवर विभागणी. 'ए' गट पचनसंस्था आणि चयापचयाचा, त्यातला ए०५ पित्त-यकृताचा. हा कप्पा तसा लहानच. पित्ताच्या बाजूला मुख्यतः पित्ताम्लं, यकृताच्या बाजूला टॉनिकांतून भेटणारं सिलिमरिन आणि तसलीच आणखी काही. सिलिमरिनच्या उपयोगाचा पुरावा त्याच्या खपाच्या मानानं फारच तोकडा आहे.

यकृताच्या रुग्णाला खरोखर तारणारी बरीचशी औषधं भलत्याच गटांत सापडतात. हिपॅटायटिस बी वरचं टेनोफोविर विषाणूविरोधी औषधांत. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनावरचं ॲसिटिलसिस्टीन उताऱ्यांच्या यादीत. लॅक्टुलोज तर चक्क रेचकांत! यकृत थकलं की रक्तात अमोनिया साचतो आणि माणूस बरळू लागतो. आतड्यातले जंतू लॅक्टुलोज फोडून आम्ल तयार करतात, त्यात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणून दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होईल एवढी मात्रा ठेवतात. नातेवाईक कुरकुरतात, "आधीच अशक्तपणा, त्यात जुलाबाचं कशाला?" पण पेशंट शुद्धीवर राहतो तो त्या जुलाबाच्या औषधानंच.

आता ए०५ मधलं सगळ्यात परिचित औषध, उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. ते पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलचे बारीक खडे काही महिन्यांत विरघळू शकतात. विदर्भात मात्र इथंच गडबड होते. इकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून तयार होणारं पिवळं रंगद्रव्य, बिलिरुबिन, वाढतं, डोळे पिवळे राहतात आणि कमी वयातच पित्ताशयात खडे धरतात. पण ते खडे बिलिरुबिनचे, काळे. त्यांच्यावर या गोळीचा काही उपयोग नाही. त्रास द्यायला लागले तर पित्ताशयच काढावं लागतं. अशा पोराचं यकृत पुष्कळदा ठणठणीत असतं आणि टॉनिकवर पैसा चाललेला असतो. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया त्याच वर्गवारीत कर्करोगाच्या औषधांशेजारी बसलंय.

तेव्हा पोराचे डोळे वरचेवर पिवळे होत असतील, हातपाय ठणकत असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सॉल्युबिलिटी चाचणीला बोटातून घेतलेलं थोडंसं रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली, तर पोर नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं.