निकाल मान्य नाही? निवेदन नंतर द्या, आधी दिवस मोजा

आमचा चुलतभाऊ ग्रामपंचायतीला ७ मतांनी पडला. बीड जिल्ह्यातलं गाव, नाव नाही सांगत, तिथंच राहायचंय. मतमोजणी तहसीलला होती, अन् त्याच संध्याकाळी गावातले तीसेक पोरं गेटसमोर बसले की मशीनमध्ये घोळ झालाय म्हणून. दुसऱ्या दिवशी तहसीलदाराला निवेदन, मग कलेक्टर ऑफिसला निवेदन, मग आयोगाला ईमेल, मग चार दिवस उपोषण, शेवटी एक साहेब आले अन् लिंबू सरबत पाजून "वरिष्ठांना कळवतो" असं पत्र हातात देऊन गेले. प्रत्येक निवेदनाची पोच होती, सगळ्यांचे फोटो ग्रुपवर होते. सतराव्या दिवशी आम्ही वकिलाकडं गेलो तर वकील साहेबांनी फाइल उघडलीच नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं अन् म्हणले, "दादा, पंधरा दिवस होते."

तेव्हापासून ह्या गोष्टीची जेवढी माहिती काढली ती इथं लिहायलोय, कारण दर निवडणुकीनंतर कुणी ना कुणी फोन करतं अन् तेच विचारतं, अन् तेच चुकतं. निवेदन म्हणजे अर्ज नव्हे. पोच मिळाली म्हणजे केस दाखल झाली असं नसतं. तुम्ही उपोषणाला बसा, रास्ता रोको करा, टाकीवर चढा, कायद्यातले दिवस तिकडं चालूच राहतात. निकाल एकदा जाहीर झाला की तो फिरवायचा अधिकार तहसीलदाराला नाही, कलेक्टरला नाही अन् आयोगालाही नाही, तो फक्त कोर्टाला, अन् कोर्टात पण फक्त "निवडणूक याचिका" ह्याच रस्त्यानं. हे घटनेतच लिहिलंय, ग्रामपंचायत झेडपीसाठी कलम २४३-ओ, नगरपालिका महापालिकेसाठी २४३-झेडजी, अन् आमदारकी खासदारकीसाठी ३२९. त्यामुळंच फॉर्म बाद झाला की लगेच धावत हायकोर्टात जाऊन निवडणूक थांबवता येईल असं जे लोक समजतात त्यांना कोर्ट बहुतेक वेळा सांगतं की आधी निवडणूक होऊ द्या, मग याचिका करा. सुप्रीम कोर्टानं हे १९५२ सालीच ठरवून टाकलेलंय.

आता कुठं जायचं अन् किती दिवसात. ग्रामपंचायत असेल तर तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ह्यांच्याकडं, निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत, ग्रामपंचायत कायद्याचं कलम १५. तिथं कनिष्ठ स्तर कोर्ट नसेल तर वरिष्ठ स्तर. झेडपी अन् पंचायत समितीला पण १५ दिवसच, पण अर्ज जिल्हा न्यायाधीशाकडं. नगरपालिका नगरपंचायतीला जिल्हा न्यायालय अन् फक्त १० दिवस, महापालिकेला पण १०, म्हणजे शहरवाल्यांनी तर गुलाल धुवायच्या आधी वकील गाठायचा. विधानसभा लोकसभेला ४५ दिवस मिळतात पण ती याचिका थेट हायकोर्टात, अन् आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी ते म्हणजे औरंगाबाद खंडपीठ (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय पण वकील मंडळी अजून औरंगाबाद बेंचच म्हणतात). आणि उशीर झाला तर "साहेब आजारी होतो, माफ करा" असं चालत नाही. साध्या केसमध्ये उशीर माफीचा अर्ज असतो ना, तो आमदारकी खासदारकीच्या याचिकेला लागूच होत नाही असं सुप्रीम कोर्ट कधीचंच म्हणून बसलंय, अन् गावच्या याचिकेत पण त्या अर्जाच्या भरवशावर राहू नका. आमच्या वकिलानं कॅलेंडर का बघितलं ते मला नंतर कळलं.

एक वेगळा प्रकार आहे तो पण सांगतो, लोक त्यात गोंधळतात. उपसरपंच, किंवा जिथं सरपंच पण सदस्यांमधून निवडला गेलाय तिथला सरपंच, ह्यांच्या निवडीचा वाद कोर्टात नाही जात, तो १५ दिवसांत कलेक्टरकडं, अन् त्याच्यावर अपील विभागीय आयुक्तांकडं. जनतेतून थेट निवडलेल्या सरपंचासाठी मात्र कलम १५ च.

याचिका कोण करू शकतो? हारलेला उमेदवार तर करूच शकतो, पण त्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क असलेला साधा मतदार पण करू शकतो. त्यामुळं उमेदवार घाबरला, मॅनेज झाला किंवा पाहुण्यांनी समजूत काढली तरी विषय संपत नाही. विधानसभेला तर तुम्ही त्या दिवशी मत टाकलं का नाही हे पण बघत नाहीत, यादीत नाव पाहिजे एवढंच.

कारण काय असावं लागतं, हा खरा अवघड भाग. "आम्हाला शंका आहे" हे कारण नाही. "इतके लोक आमच्याकडं होते मग मतं कुठं गेली" हे पण नाही (सगळ्या हारलेल्यांचं हेच म्हणणं असतं, आमचं पण होतं). चालणारी कारणं म्हणजे जिंकलेला माणूस फॉर्म भरतानाच अपात्र होता, कुणाचा फॉर्म चुकीचा बाद केला किंवा चुकीचा घेतला, मोजणीत चूक झाली, बाद मतं धरली किंवा चांगली मतं सोडली, पैसे वाटणं, जात धर्माच्या नावावर मत मागणं, सरकारी माणूस प्रचाराला वापरणं. अन् पैसे वाटपासारखा आरोप असेल तर कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला, कुठं, एवढं सगळं लिहावं लागतं, "गावात पैशांचा पाऊस पडला" ह्या वाक्यावर काहीच होत नाही. मोजणीच्या किंवा नियमभंगाच्या कारणात अजून एक पायरी असते, त्या चुकीमुळं निकाल बदलला असता हे दाखवावं लागतं. ७ मतांचा फरक असेल तर ५ बोगस मतं सिद्ध करून हाती काय लागणार, हा हिशोब आधी घरी करा.

मतदार यादीत बाहेरगावची नावं घुसवली हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आरोप, पण त्याची वेळ प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते तेव्हाची. तेव्हा हरकत नाही घेतली तर निकालानंतर कोर्ट सहसा यादी उकरत बसत नाही.

फेरमोजणीचं पण तसंच. ती मागायची जागा म्हणजे मोजणीचं टेबल, निकालावर सही व्हायच्या आधी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी अर्ज, त्यात कारण, अन् त्यानं नाही म्हणलं तर ते पण लेखी घ्या. आमच्या भावाचा एजंट तोंडी ओरडला, कागद कुणी दिलाच नाही. नंतर कोर्टात फेरमोजणी मागता येते पण मतं गुप्त असतात म्हणून कोर्ट ती सहज देत नाही, आधी ठोस काहीतरी दाखवा म्हणतं.

मिळत नाहीच असं मात्र नाही. हरियाणात पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, हारलेल्यानं याचिका केली, एका बूथवर दोन उमेदवारांची मतं अदलाबदल झाल्याचं म्हणणं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं अन् कोर्टानं जुलै २०२५ मध्ये मशीन दिल्लीला आपल्याच आवारात आणून मोजायला लावल्या, तर हारलेला माणूस १०५१ विरुद्ध १००० असा ५१ मतांनी निवडून आलेला निघाला! गावचा सरपंच अन् मोजणी सुप्रीम कोर्टात. पण तीन वर्षाच्या जवळपास गेलीच की.

कागदपत्रं आता. निकालाची नक्कल, उमेदवारनिहाय मतांचा तक्ता, त्या वॉर्डाची मतदार यादी, जिंकलेल्याचा फॉर्म अन् सोबतचं शपथपत्र, छाननीच्या दिवशी हरकत घेतली असेल तर तिचा अर्ज अन् त्याच्यावरचा आदेश, तुमचं स्वतःचं ओळखपत्र अन् यादीतला अनुक्रमांक. हे सगळं सही शिक्क्याची नक्कल पाहिजे, झेरॉक्स नाही, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. माहिती अधिकारात मागू नका, त्याला ३० दिवस लागतात अन् तोवर तुमचे १५ उडून जातात. नक्कल वेळेत नाहीच मिळाली तर नक्कल अर्जाची पोच जोडून याचिका टाका, कागद नंतर आणता येतात, तारीख नंतर आणता येत नाही. मतदान संपल्यावर मशीनमध्ये किती मतं पडली त्याचा हिशोब बूथवरच्या एजंटनं तिथंच मागून घ्यायचा असतो, विधानसभेला त्याला १७ सी फॉर्म म्हणतात, हा कागद सोन्यासारखा आहे अन् आपले एजंट नेमके त्याच वेळी जेवायला गेलेले असतात. सोबत वकालतनामा, शपथपत्र, कोर्ट फी तिकीट हे वकील बघतो. वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना केसमध्ये पार्टी म्हणजे सामनेवाले करा, कुणाला सोडू नका.

विधानसभेची याचिका असेल तर २००० रुपये अनामत भरावी लागते, जेवढे सामनेवाले तेवढ्या प्रती अन् प्रत्येक प्रतीवर "खरी प्रत" म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही, अन् भ्रष्ट मार्गाचा (पैसे वाटणं, जात धर्मावर मत मागणं असला) आरोप असेल तर २५ नंबरच्या नमुन्यात वेगळं शपथपत्र. अनामत राहिली किंवा जो पार्टी करायलाच पाहिजे तो सुटला की याचिका सुरुवातीलाच निकाली निघते, मुद्दा कितीही खरा असो.

व्हिडिओ पुराव्याचं जरा नीट वाचा कारण तो धडा सगळ्या देशाला आपल्या जालन्यानं दिलाय. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. फॉर्म भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ पर्यंत होती अन् खोतकरांचा फॉर्म ३ नंतर घेतला असा आरोप होता. याचिका दोन झाल्या, एक गोरंट्यालांची अन् दुसरी एका मतदाराची. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलंच व्हिडिओ रेकॉर्डिंग. आता असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर त्याच्यासोबत एक सर्टिफिकेट लागायचं, पुरावा कायद्याचं ६५-बी, म्हणजे रेकॉर्डिंग कोणत्या मशीनमधून कसं निघालं ह्याची लेखी हमी, अन् ते देणारे तर तेच अधिकारी! परत परत मागूनही त्यांनी दिलंच नाही. औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द केली, सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल १४ जुलै २०२० ला आला अन् तो पण खोतकरांच्या विरोधातच. कोर्टानं सांगितलं की सर्टिफिकेट लागतंच, पण माणसानं सगळे प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल तर अशक्य गोष्ट त्याच्याकडून मागता येत नाही. म्हणून मागितल्याचा पुरावा ठेवा, अर्जावर अर्ज करा, इथं पोच कामाची आहे. आता १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्यात हे कलम ६३ झालंय. अन् मोबाईलवर शूटिंग केलं असेल तर तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका, व्हॉट्सॅपवर फिरून आलेली क्लिप घेऊन कोर्टात गेलात तर पहिलाच प्रश्न मूळ कुठंय हा असतो.

तारखा बघा जरा. निवडणूक २०१४, हायकोर्ट २०१७, सुप्रीम कोर्ट २०२०. मधे २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार पण झाले होते.

विधानसभा लोकसभेला मशीन तपासायची अजून एक सोय आहे, सुप्रीम कोर्टाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानं दिलेली. दुसऱ्या अन् तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला निकालापासून ७ दिवसांत लेखी मागता येतं, मतदारसंघातल्या ५ टक्के मशीन, खर्च आधी भरायचा, गडबड निघाली तर परत. ग्रामपंचायतीला हे लागू नाही, उगा तहसीलला जाऊन भांडू नका.

आता आमच्यासारख्यांसाठी, ज्यांचे १५ दिवस गेलेत. एक दार उघडं असतं, अपात्रतेचं. ते कलम १४ अन् १६, अर्ज कलेक्टरकडं, अन् त्याला १५ दिवसांची अट नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर अपत्य होऊन दोनपेक्षा जास्त झालेली, सरकारी जागेवर किंवा गायरानावर अतिक्रमण, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणं, असली कारणं. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्याच्या नावानं असलं अन् हा माणूस तिथंच राहत असला तरी तो अपात्र होतो असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये म्हणलंय. कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर जागेच्या कर आकारणीचा उतारा), सातबारा, मोजणीचा नकाशा, अन् अपत्यांसाठी जन्म दाखले, शाळेचे निर्गम उतारे. पण ह्यात जिंकलेला घरी गेला तरी तुम्ही निवडून येत नाही, जागा रिकामी होते अन् पोटनिवडणूक लागते. भावानं हाच अर्ज केलाय, तारखा चालूयेत. अर्ज करायच्या आधी स्वतःचं घर मोजून घ्या पण, आमच्या शेजारच्या गावात अर्जदाराचाच गोठा गायरानात निघाला.

आणि हारलेल्यांनी खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यायचा असतो, लोक म्हणतात हारलो मग कशाला, अन् मग पुढच्या वेळी ५ वर्ष अपात्र म्हणून नोटीस येते.

गावच्या कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर कायद्यात अपील नाही, तो निकाल अंतिमच धरलाय, पण रिट याचिका करून हायकोर्टाच्या खंडपीठात जाता येतं. विधानसभेच्या निकालावर ३० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील. आणि सगळे विचारतात तो प्रश्न, केस चालू असताना समोरचा सरपंच चेकवर सह्या करतो का. करतो. कोर्टानं स्टे दिला नाही तोवर झेंडावंदन पण तोच करतो, आमच्याकडं परवा त्यानंच केलं, भाऊ शाळेच्या कंपाउंडबाहेर गाडीवर बसून होता.